खान्देशच्या उन्हात अंगणातला आंबा

(जळगाव इथं झालेल्या युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहिलंय, त्यामुळे काहींना वाटलं असेल की हा करिअरवर बोलणार. सकाळी दोघांनी मला बाजूला घेऊन पुण्यातल्या पॅकेजची चौकशीही केली. ते चहाच्या वेळी बोलू. आयोजकांनी मला अंगणातल्या आंब्याबद्दल बोलायला सांगितलंय आणि मला त्यातच जास्त रस आहे. मी काही या विषयातला जाणकार नाही. पाच वर्षांत केलेल्या चुका सांगणार आहे, म्हणजे तुमची तेवढी वर्षं वाचतील.

आमचं घर मेहरूणला. मेहरूणचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते बोरांमुळे. बोराची 'मेहरूण' ही जात शेतीच्या पुस्तकात छापलेली असते. बोराला आपलं ऊन सोसतं, पाणी नसलं तरी चालतं. २०२० साली लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी आलो, परसात वीस फूट बाय बारा फुटांचा तुकडा रिकामा दिसला, आणि मला लावावासा वाटला तो आंबा. त्यातही हापूस. कारण काय, तर पुण्यात पेटीतून खाल्ला होता.

आता हापूस का नाही, हे आधी समजून घ्या. आंबा उन्हाला भीत नाही. त्याला चोवीस ते तीस अंश तापमान आवडतं, पण मुळाशी ओल असेल तर पंचेचाळीस अंशांतही झाड तगतं. आपल्याकडे अडचणी एकावर एक येतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ च्या घरात, हवा कोरडी, आणि दुपारचा वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. नेमक्या त्याच दिवसांत कैऱ्या झाडावर असतात. हिवाळ्यात धुळ्याकडे पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा कोवळी पालवी काळी पडते. पाऊस जळगावात साधारण सातशे मिलिमीटर, धुळ्यात साडेपाचशेच्या आसपास, तर रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. आणि जमीन काळी. पावसाळ्यात चप्पल ओढून घेते, उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात जातो. त्यात चुनखड असेल तर झाडाला जमिनीतलं लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

हापूस हे कोकणच्या दमट हवेचं, तांबड्या जमिनीचं फळ आहे. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्यात एक जुनी खोडही आहे. फळ बाहेरून अगदी छान दिसतं, पण कापलं की आतला गर पांढुरका, स्पंजासारखा निघतो. कोकणात त्याला 'साका' म्हणतात. जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे बघा, आपण कुठलं फळ कुठे आणून ठेवतोय.

तर २०२० च्या जूनमध्ये मी एका रोपवाटिकेतून हापूसचं कलम आणलं. विक्रेत्यानं सांगितलं, तीन वर्षांत पेटी भराल. ते झाड आजही उभं आहे. पानं भरपूर. गेल्या वर्षी तीन आंबे लागले, त्यातल्या दोनात साका निघाला. तिसरा पोपटांनी खाल्ला, त्याचा अहवाल माझ्याकडे नाही.

आपल्या भागात अंगणात लावायला केसर चांगला. ही जात जुनागढची. १९३४ साली तिथले नवाब महाबत खान यांनी गराचा रंग पाहून हे नाव दिलं, असं सांगतात. सौराष्ट्राची कोरडी हवा आपल्याला जवळची, आणि मराठवाड्यात तर केसर इतका रुजला की मराठवाडा केसरला वेगळं मानांकन मिळालं. जागा फारच कमी असेल तर आम्रपाली बघा. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेली ही जात १९७९ साली आली. झाड बुटकं राहतं आणि दरवर्षी फळ देतं. फळ लहान असतं, पण गोड. कलम शक्यतो कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून घ्या. धुळ्याला राहुरी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा.

दोन मीटरवर दुसरं झाड लावू का, असं एकानं मघाशी विचारलं. लावता येतं. जुन्या पद्धतीनं दहा मीटरवर एक, म्हणजे एकरी चाळीस झाडं बसायची. आपल्या जळगावातल्या जैन इरिगेशननं तीन बाय दोन मीटरवर एकरी ६७४ झाडांची पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली. पण तिथे ठिबक असतं आणि दरवर्षी न चुकता छाटणी होते. छाटणी करणार असाल तरच जवळ लावा. आणि घराच्या भिंतीला चिकटून तर मुळीच लावू नका. काळी माती ओल गेली की आक्रसते. झाडाच्या मुळांनी पायाजवळची ओल ओढली की भिंतीला तडा जातो, मग शेजारी म्हणतो तुमच्या आंब्यानं माझं घर फाडलं.

आता पाणी. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, आणि इंजिनिअर असून केली, म्हणून जास्त लाज वाटते.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. बोअर आहे, पण पाणी जड. प्यायला आरओ बसवलेला. त्याचं वाया जाणारं पाणी मोरीत जाताना दिसायचं आणि जिवाला लागायचं. मी नळी जोडून ते थेट आंब्याच्या आळ्यात सोडलं. वर उन्हाळ्यात कूलरचं शिळं पाणीही तिथेच ओतायचो. पाण्याची बचत, झाडाला पाणी, दोन्ही कामं एकात. मित्रांना फोटोसुद्धा पाठवले.

२०२१ च्या मेमध्ये पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा करपल्या. मला वाटलं ऊन लागतंय, म्हणून पाणी वाढवलं. अजून करपलं. मग दोन औषधं आणून फवारली. अम्मी रोज बघायची. एक दिवस म्हणाली, "इसको दवा नहीं होना, बारिश होना." मी हसलो.

मग एका रात्री झोप येईना म्हणून कागदावर हिशेब मांडला. मशीनमध्ये तीन लिटर पाणी जातं. एक लिटर गोडं होऊन बाहेर येतं, दोन लिटर वाया जातं. तीन लिटरमधले क्षार जातात कुठे? जवळपास सगळे त्या दोन लिटरमध्ये. म्हणजे आधीच जड असलेलं बोअरचं पाणी मी दीडपट खारट करून झाडाला पाजत होतो. कूलरचं तर त्याहून वाईट. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात, आपण रोज वरून नवं पाणी ओततो आणि क्षार साचत जातात. टाकीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना, तेच. आणि आंबा हे क्षार न सोसणारं झाड आहे. नारळाला किंवा खजुराला असलं पाणी चाललं असतं. मी शंभर टक्के निष्ठेनं माझ्याच झाडाला मीठ घालत होतो.

नळी काढून टाकली. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पाइपानं आळ्यात सोडलं, म्हणजे क्षार धुऊन खाली गेले. ऑगस्टमध्ये स्वच्छ तांबूस पालवी आली. अम्मी काही बोलली नाही, तिनं फक्त त्या पानांकडे बोट दाखवलं. आरओचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. झाडाला नको.

मग उन्हाळ्यात द्यायचं काय? नळाचं पाणी थोडंच द्या, पण मुळाशी पोहोचेल असं द्या. मी कुंभाराकडून पाझरणारी दोन मडकी आणली, विकली न जाणारी, कच्ची भाजलेली. खोडापासून दीड-दोन फुटांवर गळ्यापर्यंत पुरली, वर झाकण. चार-पाच दिवसांनी भरायची. वरून आळ्यावर चार बोटं जाडीचं आच्छादन. जळगावात आच्छादनाला काय तोटा, केळीची वाळलेली पानं बागेच्या बांधावर पडलेली असतात, विचारलं तर लोक उलट आभार मानतात. काळी माती झाकली की भेगा पडत नाहीत आणि भेगेतून ओल उडत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पश्चिमेकडून शेडनेट लावा, कारण दुपारचं ऊन तिकडूनच मारतं. खोडाला चुना आणि मोरचुदाची पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. साल भाजत नाही.

पाण्याबद्दल अजून एक. आपण जळगावचे लोक मनानं केळीवाले. केळीला पाणी कधी तोडायचं नसतं. आंब्याला मात्र पावसाळा संपला की ताण द्यावा लागतो. मोठ्या झाडाचं पाणी दिवाळीच्या सुमारास तोडायचं, ते कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा सुरू करायचं, सुरुवातीला हळूहळू. थंडी आणि ताण मिळाला की झाड मोहोर काढतं. मी नोव्हेंबरमध्ये प्रेमानं पाणी देत राहिलो आणि झाडानं जानेवारीत नुसती पालवी काढली. लहान कलमाला मात्र ताण देऊ नका, त्याला आधी वाढू द्या. त्याला मोहोर आला तरी तीन वर्षं खुडून टाका. हातांना जड जातं, पण खुडा.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे उभा आहे ते सांगतो.

माझ्या नानीचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तुमच्यातल्या धुळेकरांना फड माहीत असेल. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि गावानं मिळून ठरवलेल्या पाळीनं पाणी. त्या पाटाच्या कडेला नानीच्या वाट्याच्या शेतात एक गावरान आंबा होता. त्याला सगळे 'शेप्या' म्हणायचे, कारण फळाला शेपूच्या भाजीसारखा वास यायचा. लहान फळ, रेषा भरपूर, कापून खाण्याच्या कामाचं नाही, चोखायचं. आखाजीला गावातल्या हिंदू घरांत खापरावरचे मांडे आणि आमरस व्हायचा. रसासाठी नानीकडून टोपलीभर आंबे जायचे आणि संध्याकाळी टोपलीतून मांडे परत यायचे. आखाजीच्या आधी आंबा तोंडाला लावायचा नाही, हा नियम आमच्या नानीच्या घरातही होता. कुणी घातला, माहीत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी तिथून पन्नास-साठ कोयी आणल्या. कोय ताजीच लावावी लागते, तीन-चार आठवड्यांत तिचा जीव जातो. मी काही परसात खड्ड्यात लावल्या, काही लांब पिशव्यांत. मला वाटलं, झालं, नानीचा आंबा जळगावात आला. एका जुन्या माळीकाकांना रोपं दाखवली. ते म्हणाले, "ही शेप्याची पोरं आहेत. शेप्या नाही."

आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांत कोयीतून आलेलं रोप आईसारखं निघत नाही. बाप कुठल्या झाडाचा, कोण जाणे. तोच आंबा हवा तर त्याची काडी आणून दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. खालचं रोप म्हणजे खुंट, वरची काडी म्हणजे जात. मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खान, ज्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी एकाच झाडावर तीनशेहून जास्त जाती याच रीतीनं वाढवल्या. शाळा त्यांनी सातवीतच सोडली होती. आपल्यासारख्या कोरड्या भागात तर कृषी तज्ज्ञ सांगतात की गावरान कोय कायमच्या जागेवर लावा, रोप पेन्सिलएवढं जाड झालं की तिथेच कलम बांधा. कारण जागेवर उगवलेल्या रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं. पिशवीत ते वेटोळं घेऊन बसतं. म्हणजे माझी मेहनत फुकट गेली नव्हती. खुंट तयार होते. काडी बाकी होती.

मी म्हणालो, आणू सावकाश.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मामूंचा फोन आला. शेत विकलं, एनए प्लॉट पडणार, चार दिवसांत झाड जाणार. आता हे इथे सांगतो, कारण तुमच्या उपयोगाचं आहे. महाराष्ट्रात आंबा तोडायला परवानगी लागते, आपल्या स्वतःच्या शेतातला असला तरी. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. मी मामूंना विचारलं, परवानगी घेतली का? ते म्हणाले, घेणाऱ्यानं बघून घेतलं असेल. मी अर्ज करू शकलो असतो. केला नाही. घरातलं प्रकरण, सही मामूंची, आणि त्या शेतात अम्मीचाही हिस्सा होता, जो तिनं कधी मागितला नव्हता. त्यावर माझं मत आहे, पण तो विषय आज नाही. त्या दिवशी अम्मी एवढंच म्हणाली की काड्या घेऊन ये.

पावसात बसनं धुळ्याला, तिथून गावाला. कलमाची काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलएवढी लागते, आणि खरं तर तोडायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं खुडून ठेवायची असतात, म्हणजे डोळे फुगतात. तेवढा वेळ नव्हता. एक मुलगा वर चढला, शेंड्याकडच्या वीसेक काड्या काढल्या. खाली पाटाच्या कडेनं जाणारे एक म्हातारे बाबा थांबले. "काय करी राह्यना भाऊ?" मी सांगितलं. ते थोडा वेळ झाडाकडे बघत उभे राहिले आणि मग चार काड्या त्यांनीही मागून घेतल्या. त्यांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्या घेतल्या, धुळे, पारोळा, एरंडोल करत रात्री जळगावात. सकाळी माळीकाकांनी पाच कलमं बांधली, तीन परसातल्या खुंटांवर, दोन पिशवीतल्या. बाकी काड्या त्यांनी नाकारल्या. तीन आठवड्यांत तीन वाळली. दोन फुटली, एक परसातलं, एक पिशवीतलं.

कलम बांधल्यावर एक लक्षात ठेवा. जोडाच्या खालून खुंट फुटत राहतो. ते फुटवे काढले नाहीत तर काडी उपाशी मरते आणि आपण वर्षभर खुंटालाच पाणी घालत बसतो. मी दर जुम्म्याला नमाजला निघायच्या आधी बघतो, म्हणजे विसर पडत नाही.

पिशवीतलं कलम आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मागच्या अंगणात लावलं. वजूच्या पाण्यात साबण नसतो, ते गटारात जात होतं, आणि ते नळाचं असल्यामुळे खारटही नाही. पाइप वळवला. एका बुजुर्गांनी विचारलं, फळं कुणाची? त्यावर बैठकीत अर्धा तास चर्चा झाली, झाड तेव्हा दोन फुटांचं होतं. पण खरी अडचण दुसरीच निघाली. वजूचं पाणी दिवसातून पाच वेळा येतं. आळ्यात सतत चिखल, काळ्या मातीत मुळं गुदमरायला लागली. मग पाइपाला एक वॉल्व्ह बसवला आणि तीन झाडांकडे तीन फाटे काढले, आंबा, कडुलिंब, पेरू. पाळी ठरवली. दिवाळीनंतर आंब्याचा फाटा बंद ठेवायचा, हे झाड मोठं झाल्यावर कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, म्हणून वॉल्व्हवर रंगानं लिहून ठेवलंय.

यंदा, २०२५ च्या फेब्रुवारीत, परसातल्या शेप्याला मोहोर आला. तुम्हाला मघाशी सांगितलं की तीन वर्षं खुडा. मी खुडला, पण एक तुरा ठेवला. अम्मीसाठी. मोहोरावर तुडतुडे आले, भुरी आली, कडुलिंबाचा अर्क आणि गंधक फवारलं. हजार फुलांतून एखाद-दुसरी कैरी टिकते, ते ठीक. माझ्या तुऱ्यावर सहा राहिल्या. एप्रिलच्या पहिल्या झळांत चार गळल्या. तेव्हा शेडनेट पुन्हा बांधलं, मडकी दर दोन दिवसांनी भरली. आखाजी एप्रिलच्या शेवटी आली, तेव्हा फळ हिरवंच होतं.

मेमध्ये एक पडलं, एक मी काढलं. गवतात ठेवलं. पाचव्या दिवशी अम्मीनं ते हातात घेऊन मऊ केलं, देठाकडून थोडा चीक पिळून टाकला आणि नाकाशी धरलं. बराच वेळ तिनं ते खाल्लंच नाही. मग चोखलं, आणि मला म्हणाली, नानीच्या आंब्यापेक्षा थोडं आंबट आहे, पाणी जास्त दिलंस.

कोय धुऊन ठेवली आहे. आणि पुढच्या महिन्यात काड्या काढता येतील, झाडाला झेपतील तेवढ्याच, म्हणजे सात-आठ. ज्यांच्याकडे गावरान कोयीचं पेन्सिलएवढं रोप तयार असेल त्यांनी चहाच्या वेळी मला नाव द्या. रोप नसेल त्यांनी या आठवड्यातच कोयी लावा, आणि दोन वर्षांनी या.